मनगटावरची अमानत

रमजानच्या दहा-बारा दिवस आधी आमचा भाचा कुवेतहून दीड महिन्याच्या सुट्टीवर आला. येताना घरातल्या प्रत्येकासाठी त्याने काही ना काही आणले होते. आमच्या वाट्याला घड्याळ आले. काळ्या काचेची चौकोनी पाटी, कडा गोलसर, पट्टा मऊ रबराचा, बाजूला असून नसल्यासारखे एकच बटण. बोट टेकवले की काच उजळते, बोट सरकवले की पान उलटते. वेळ, तारीख, चाललेली पावले, नाडीचे ठोके, झोपेचे तास, फोनवर आलेले निरोप, किब्ल्याची दिशा आणि पाच नमाजांच्या वेळा, सगळे त्या दीड-दोन इंचांच्या काचेत. भाच्याने आमच्या मनगटावरचे जुने चावीचे घड्याळ स्वतःच्या हाताने सोडवले, नवे बांधले आणि म्हणाला, "मामू, आता त्या डबड्याला आराम द्या. रोज वापरायला हेच."

'रोज वापरायला' हे त्याचे शब्द आमच्या मनात घोळत राहिले. लग्नात घालायची शेरवानी आणि रोजचा सदरा यांना आपण एकच माप लावत नाही. शेरवानी दिसायला चांगली असली की पुरे. रोजच्या सदऱ्याने घाम सोसला पाहिजे, धुण्याला टिकले पाहिजे आणि अंगात आहे याची आठवणही राहता कामा नये. रोजची वस्तू हळूहळू आपल्या सवयी घडवते, म्हणून तिची पारख दुकानाच्या काउंटरवर होत नाही. आम्ही ठरवले, एक चिल्ला, म्हणजे चाळीस दिवस, हे घड्याळ वापरून पाहायचे. त्या चाळीस दिवसांत सगळा रमजान आला आणि ईदही आली. यंत्राची परीक्षा घ्यायला निघालेल्या आमची स्वतःचीच बरीचशी परीक्षा झाली. तिचा हा ताळेबंद.

प्रश्न एका घड्याळाचा असता तर त्यावर लिहिण्याची गरज नव्हती. वक्त ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, हे आपण मिंबरावरून लहानपणापासून ऐकत आलो. कुरआनातल्या एका छोट्या सूरहची सुरुवातच काळाच्या शपथेने होते. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत बहुतेक माणसे फसतात, अशा आशयाची हदीस बुखारीत आहे. मग ही अमानत आपण ज्या यंत्रात पाहतो, ते यंत्र कसे असावे? त्याने अमानतीची आठवण द्यावी, की अमानत हळूच काढून घ्यावी?

आधी दिसण्याचा प्रश्न घेऊ, कारण घड्याळ सुंदर होते हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्यातल्या पुष्कळ मंडळींना वाटते की दीनदार माणसाने नीटनेटके दिसणे म्हणजे दुनियेच्या मागे लागणे. सूरह अल-आराफमध्ये इबादतीच्या वेळी जीनत करायला सांगितले आहे, लगेच इसराफची मनाई केली आहे, आणि पुढच्याच आयतीत, अल्लाहने निर्माण केलेली शोभा हराम ठरवणारे तुम्ही कोण, अशा अर्थाचा प्रश्न विचारला आहे. म्हणजे शोभा जायज, उधळपट्टी नाजायज. पुरुषांना सोने वर्ज्य आहे, तेवढे सोडले तर घड्याळ सुंदर असण्याला हरकत घेण्याचे कारण नाही. हरकत असलीच तर ती नीयतीत शोधावी लागते. आमच्यापुरती ती पहिल्याच जुम्याला सापडली. मशिदीत शिरताना सदऱ्याची डावी बाही आम्ही कळत-नकळत दोन बोटे वर सरकवली होती. जीनत आणि रिया यांच्यातले अंतर त्या दिवशी नेमके दोन बोटांचे होते.

यात नवीन काहीच नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्या कोकणात मनगटावरचे घड्याळ वेळ दाखवण्यासाठी कमी आणि घरातला कोण कुठे कमावतो हे सांगण्यासाठी जास्त वापरले गेले आहे. १९७० नंतर आखाताची वाट खुली झाली आणि गावोगाव सेको, सिटिझन आणि कॅसिओ मनगटांवर चमकू लागली. धातूचा सैल पट्टा हलवत, हात उंचावून बोलणारा माणूस दिसला की तो सुट्टीवर आलेला आहे हे लांबूनच कळे. त्याआधीच्या पिढीचे घड्याळ म्हणजे एचएमटी. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरमध्ये हा कारखाना सुरू झाला. आमच्या अब्बांचे 'जनता' घड्याळ त्याच कारखान्यातले. रोज फजरनंतर ते त्याला चावी देत. घड्याळाला दोन चिमटींत धरून हलक्या हाताने दिलेली ती चावी हा त्यांच्या दिवसाचा पहिला दुनियावी व्यवहार असे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला, पण अब्बांचे घड्याळ चालूच आहे. भाच्याने डबडे म्हटले ते तेच.

मनगटावरची वस्तू घालणाऱ्याविषयी जेवढे सांगते त्यापेक्षा कधी कधी पाहणाऱ्याविषयी जास्त सांगते. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे १९८९ मध्ये आलेले प्लास्टिकचे साधे डिजिटल घड्याळ. स्वस्त, हलके, एका सेलवर सात वर्षे चालणारे. जगभर असंख्य विद्यार्थी, मजूर आणि शिपाई ते वापरतात. पण ग्वांतानामोच्या तुरुंगात ठेवलेल्या कैद्यांची जी कागदपत्रे २०११ मध्ये उघड झाली, त्यांत अनेकांच्या नावापुढे हे घड्याळ त्यांच्याजवळ होते याची नोंद संशयाचा एक मुद्दा म्हणून केलेली आढळली. तशा घड्याळांचा वापर स्फोटकांसाठी होतो, असे त्यामागचे तर्कशास्त्र. इतरांच्या मनगटावर जी काटकसर ठरली, ती आपल्या माणसाच्या मनगटावर पुरावा ठरली. तेव्हा 'लोक काय म्हणतील' या मापाने घड्याळ निवडू नये हेच बरे. त्या मापाने साधेपणाही सुटत नाही आणि थाटही सुटत नाही.

आता उपयोगाकडे वळू. घड्याळाशी मुसलमानांचे नाते दुकानदार आणि गिऱ्हाईक एवढेच नाही. पाच नमाजांच्या वेळा सूर्यावर आणि सावलीवर ठरतात, आणि त्या मोजण्यासाठी आपल्या पूर्वजांनी एक शास्त्रच उभे केले. तेराव्या शतकापासून इजिप्त आणि शामच्या मोठ्या मशिदींत 'मुवक्कित' नावाचा अधिकारी असे. वेळ ठरवणे हेच त्याचे काम. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्न अल-शातिर हे त्या काळातले फार मोठे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी १३७१ च्या सुमारास मशिदीच्या मिनारावर बसवलेली संगमरवरी सूर्यघडी प्रसिद्ध आहे. त्याआधी अल-जझरी यांनी १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पाण्यावर चालणाऱ्या घड्याळांचे आराखडे दिले, त्यांतले हत्तीच्या आकाराचे घड्याळ आजही लोक कौतुकाने पाहतात. ही सारी यंत्रे डौलदार होती. सौंदर्य आणि उपयोग यांचे भांडण त्या माणसांच्या डोक्यात नव्हते. पण ती सगळ्यांची घड्याळे होती. एक माणूस मोजे, एक माणूस अजान देई, आणि बाकीची वस्ती निश्चिंतपणे आपापल्या कामाला लागे. वेळ कळल्यावर घड्याळाशी कुणाचे काही काम उरत नसे.

आता ज्याच्या त्याच्या मनगटावर ज्याचा त्याचा मुवक्कित आहे. आमच्या मनगटावरच्याने तिसऱ्याच दिवशी आम्हाला गोंधळात टाकले. मशिदीत असरची अजान झाली तरी घड्याळ म्हणे, अजून जवळजवळ तास आहे. भाच्याने पाहिले, तर आत हिशेबाची पद्धत हनफी निवडलेली होती. कोकणातले आपण बहुतेक शाफई. वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वगळून, वस्तूएवढी झाली की आपली असर सुरू होते. हनफी पद्धतीत ती दुप्पट व्हावी लागते. तीच गोष्ट फजरची. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असताना फजर धरायची की १५ अंशांवर, यावर दोन पद्धतींत आपल्याकडे बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो, आणि रमजानात सहरीचा शेवटचा घास त्याच मिनिटांवर अवलंबून असतो. दोन्ही पद्धतींमागे विद्वानांचा अभ्यास आहे. पण काचेवर फक्त आकडा येतो. त्यामागे कुणीतरी कुठेतरी एक निवड केली आहे, हे आकडा सांगत नाही. मशिदीत लावलेल्या वेळापत्रकावर शंका आली तर इमामसाहेबांना विचारता येते. मनगटावरच्या आकड्याला काय विचारायचे? आकडा जितका देखणा दिसतो तितका तो बिनचूक वाटतो, ही या काचेची पहिली फसवणूक. तिच्यात दोष यंत्राचा कमी, आमच्या आळसाचा जास्त.

रोजच्या वापराच्या बारीकसारीक गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, कारण घेणाऱ्याला त्याच उपयोगी पडतात. बोटाच्या स्पर्शाने काचेतल्या विजेच्या भारात जो सूक्ष्म बदल होतो, तो ओळखून ही काच चालते. पाण्याच्या थेंबांनाही ती बऱ्याचदा बोट समजते. त्यामुळे वुजू करताना तिची धांदल उडते. पाने आपोआप उलटतात, भलतीच चित्रे उघडतात. त्यावर पाण्याच्या वेळी काचेला कुलूप लावण्याची सोय आहे, पण दिवसातून पाच वेळा कुलूप लावणे आणि काढणे हेही एक कामच. शिवाय वुजूत पट्ट्याखालच्या कातडीला पाणी पोचले पाहिजे, म्हणजे पट्टा सैल करणे किंवा घड्याळ उतरवणे आलेच. जुने घड्याळही आम्ही उतरवतच होतो, तेव्हा ही तक्रार नव्याची म्हणता येत नाही. पुष्कळ घड्याळांवर ५० मीटर पाण्यात टिकेल असे लिहिलेले असते. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. त्याचा अर्थ समुद्रात ५० मीटर खोल बुडी मारता येईल असा नव्हे, आणि साबणाचे पाणी व गरम वाफ आतल्या रबरी कडीला हळूहळू खातच असते.

मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर उभे राहून वेळ पाहायची तर काचेवर हाताचा आडोसा धरावा लागतो. काट्यांच्या घड्याळाला ऊन जितके जास्त तितके बरे. नव्याला एक-दोन दिवसांनी चार्जिंगला लावावे लागते. विजेची बचत म्हणून काच एरवी काळी राहते आणि हात उचलला की उजळते. गंमत अशी की १९७२ मध्ये बाजारात आलेल्या 'पल्सार' या पहिल्या इलेक्ट्रॉनिक डिजिटल मनगटी घड्याळाचे असेच होते. २१०० डॉलर किंमत, आणि वेळ पाहायची तर दुसऱ्या हाताने बटण दाबायचे, तेव्हा लाल आकडे क्षणभर दिसत. पन्नास वर्षांत काच पुष्कळ शहाणी झाली, पण न विचारता वेळ दाखवणाऱ्या दोन काट्यांचा साधा गुण तिला अजून सहज जमलेला नाही.

मात्र न विचारता इतर सर्व सांगण्याचा गुण तिने उचलला आहे. खरा प्रश्न इथे सुरू होतो.

नमाजच्या पहिल्या तकबीरला हात कानापर्यंत उचलले की घड्याळ समजते, वेळ पाहायची आहे, आणि काच उजळते. मग आपण डाव्या मनगटावर उजवा हात बांधतो. तळवा काचेवर येतो. घड्याळ समजते, बोट टेकवले. एकदा घरी असरची नमाज एकट्याने पढून आम्ही सलाम फेरला आणि पाहिले, तर तळव्याच्या दाबाने त्यातले सेकंद मोजण्याचे यंत्र सुरू झालेले. काचेवर ३ मिनिटे ४० सेकंद. चार रकात आम्ही ३ मिनिटे ४० सेकंदांत उरकल्या होत्या. आम्ही मुसल्ल्यावर तसेच बसून राहिलो. वर्षानुवर्षे आपण सावकाश, मन लावून नमाज पढतो असा आमचा समज होता. हजरत उमर यांच्या नावाने एक उपदेश सांगितला जातो, की तुमचा हिशेब घेतला जाण्याआधी तुम्हीच स्वतःचा हिशेब घ्या. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये या मुहासब्यावर, म्हणजे आत्मपरीक्षणावर, सविस्तर लिहिले आहे. आमचा त्या वर्षातला पहिला खरा मुहासबा एका यंत्राच्या गैरसमजातून झाला. न्याय करायचा तर हे त्याच्या जमेला धरले पाहिजे.

पण जमेची ही एकच नोंद अपघाताने झालेली होती. ज्या हिशेबासाठी ते घड्याळ मुद्दाम बनवले आहे तो वेगळा. ते पावले मोजते. दहाव्या दिवसापासून रात्री झोपण्यापूर्वी आकडा पाहण्याची आम्हाला सवय लागली. ६००० च्या वर गेला की समाधान, खाली राहिला की अंगणात चार फेऱ्या. मशिदीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाचे सवाब आहे, हे आपण जाणतो. घड्याळाला मात्र मशिदीकडची पावले आणि शेजाऱ्याशी भांडायला जातानाची पावले सारखीच. खांद्यांवरच्या दोन लिहिणाऱ्यांना सोबत म्हणून आम्ही मनगटावर तिसरा बसवला होता, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, रात्री आम्ही चौकशी करायचो ती या तिसऱ्याच्या वहीची. रमजानात सहरीला उठणाऱ्या माणसाला हे घड्याळ रोज सकाळी कळवत असे की तुमची झोप निकृष्ट दर्जाची झाली आहे. फजरनंतर दर्स ऐकत बसलो असता त्याने मनगटाला थरथरून सांगितले, फार वेळ बसला आहात, उठा. त्याचे खोटे काहीच नव्हते. माणूस कशासाठी जागला आणि कशासाठी बसला, हे मोजण्याची सोय मात्र त्यात नव्हती.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. रमजानच्या विसाव्या-एकविसाव्या रोज्याला आम्ही एका आजारी मित्राला भेटायला गेलो. एकाच शाळेत आम्ही बावीस वर्षे शिकवले. गृहस्थ मितभाषी. खाटेला खिळून चार महिने झाले होते. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर ते थोडे थांबले, आणि छताकडे पाहत आपल्या थोरल्या मुलाविषयी काही सांगू लागले. या मुलाचा विषय त्यांनी बावीस वर्षांत आमच्याजवळ कधी काढला नव्हता. दोन वाक्ये झाली असतील, तोच आमचे मनगट थरथरले, काच उजळली आणि आमची नजर खाली गेली. कसल्याशा दुकानाने ईदनिमित्त ४० टक्के सूट जाहीर केली होती. क्षणभराचेच काम. मान वर केली तेव्हा मित्र आमच्याकडे पाहत होते. म्हणाले, "सर, घाई असेल तर निघा. इफ्तारची वेळ गाठायची असेल तुम्हाला."

आम्ही नाही नाही म्हणालो. तासभर बसलो. विषय पुन्हा त्या वळणावर आला नाही.

माणसासमोर बसून मनगटाकडे पाहणे याचा अर्थ जगात सगळीकडे एकच होतो. जुन्या घड्याळाकडेही माणसे अशी चोरून पाहत. पण तेव्हा तो अपमान करायचा की नाही, हे पाहणाऱ्याच्या हाती होते. आता घड्याळच माणसाला हाक मारते, आणि हाक आली की मान वळते. निरोप नेहमी तातडीचा पोशाख घालून येतो, आत बहुधा काही नसते. आजाऱ्याला भेटायला जाणे हा आपल्याकडे मुसलमानाचा मुसलमानावर हक्क मानला आहे, आणि आजारी कोणत्या धर्माचा हे न पाहता पैगंबर साहेब (स.) भेटीला गेल्याच्या रिवायती आहेत. ती भेट म्हणजे आपल्या अमानतीतला थोडा वक्त दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. आम्ही देऊन परत घेतला, तोही एका दुकानासाठी.

घरी येऊन आम्ही सगळा राग घड्याळावर काढला. भाच्याला म्हणालो, "ही तुझी वस्तू तुझ्याजवळ ठेव." त्याने शांतपणे ऐकून घेतले, घड्याळ हातात घेतले, चार-पाच ठिकाणी बोट फिरवले आणि परत दिले. "मामू, सगळे निरोप बंद केलेत. हे तर पहिल्या दिवशीच करता आलं असतं. मी तेव्हा विचारलं होतं, तुम्हीच म्हणालात राहू दे."

खरे होते. आम्हीच म्हणालो होतो. निवृत्त माणसाचा फोन दिवसात दोनदा वाजतो. मनगटावर दहा-बारा वेळा होणारी ती थरथर आम्हाला सुखावत होती. कुणाला तरी आपली आठवण आहे, असे क्षणभर वाटे. दुकानांना आमची आठवण होती. पण वाटायचे ते वाटायचेच. घड्याळाने आमचा वक्त चोरला, असे म्हणायला आम्ही निघालो होतो. दार आम्हीच उघडे ठेवले होते, आणि चोराची वाटही पाहत होतो.

म्हणून आम्ही या यंत्राला सरसकट नावे ठेवणार नाही. आमच्या ओळखीतल्या एका कर्णबधिर तरुणाला पूर्वी सहरीला उठवायचे तर कुणीतरी जाऊन हलवावे लागे. त्याच्या मनगटावर आता असेच घड्याळ थरथरते आणि तोच घरातल्यांना उठवतो. त्याच्यासाठी ती थरथर म्हणजे स्वातंत्र्य. नाडीचे ठोके पाहून वेळीच डॉक्टरांकडे गेलेली माणसेही असतील. पण स्वस्त घड्याळातला आकडा कातडीवर हिरवा प्रकाश टाकून काढलेला अंदाज असतो, तो तपासणीची जागा घेऊ शकत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

उलट बाजूही आहे. २०२० च्या आसपास नागपूर, चंदीगड, पंचकुला अशा शहरांतल्या सफाई कामगारांच्या मनगटांवर, ते कुठे आहेत हे सतत कळवणारी घड्याळे पालिकांनी बांधल्याच्या बातम्या आल्या. घड्याळ उतरले किंवा बंद पडले तर पगार कापला जाईल, ही भीती कामगारांनी बोलून दाखवली, आणि स्त्री कामगारांनी स्वच्छतागृहात जातानाही कुणी पाहत असल्यासारखे वाटते असे सांगितले. आम्ही हौसेने जे बांधले तेच त्यांच्यावर सक्तीने बांधलेले होते. आमच्या घड्याळातलीही पावले, ठोके आणि झोप कुठल्या तरी कंपनीच्या संगणकात जमा होत होती, आणि त्या अटी न वाचता आम्ही 'मान्य' म्हणून बोट टेकवले होते. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी आपल्या देशात २०२३ मध्ये कायदा झाला, हे चांगलेच. पण सूरह अल-हुजुरातमध्ये एकमेकांच्या खाजगी गोष्टींचा शोध घेत फिरण्याची जी मनाई आहे, तिची आठवण कायद्याआधी व्हायला हवी होती. पाळत ठेवणे हा गुन्हा, तर आपण होऊन स्वतःवर पाळत बसवून घेणे हा निदान गाफीलपणा तरी आहेच.

तेव्हा रोज वापरायला असे घड्याळ घ्यावे की नाही? तरुण वाचक विचारतील, म्हणून आमच्यापुरते उत्तर देतो. ते घेताना दुकानदाराला विचारायचे ते प्रश्न विचाराच. उन्हात दिसते का, चार्जिंग किती दिवस टिकते, पट्टा बदलता येतो का. त्यानंतर तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मी हे उपयोगासाठी घेतो आहे, की बाही वर सरकवण्यासाठी? हे मला वेळ सांगून मोकळे करेल, की बांधून ठेवेल? आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा वाटा यातून कमी होणार आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दुकानातही देता येतील. तिसऱ्याचे उत्तर त्या समोरच्या माणसालाच ठाऊक असते, आणि तो बहुधा ते सांगत नाही.

भेट परत करणे आम्हाला बरे वाटले नाही. भाच्याने उन्हातान्हात कमावलेल्या पैशांतून ती आणली आहे, आणि त्या प्रेमाचाही एक हक्क आहे. सकाळी फिरायला जाताना आम्ही ते बांधतो. निरोप बंद आहेत. असरची वेळ आता शाफई दाखवते. फिरून आल्यावर ते उतरवून ठेवतो आणि अब्बांच्या घड्याळाला चावी देतो. ते दिवसाला दोन मिनिटे मागे पडते. मशिदीच्या अजानवर ते पुन्हा जुळवून घेतो.

ईदनंतर आम्ही त्या मित्राकडे पुन्हा गेलो. शीरखुर्म्याचा डबा नेला होता. मनगटावर काहीच नव्हते. बराच वेळ बसल्यावर आम्ही स्वतःच विचारले, "सर, त्या दिवशी थोरल्याविषयी काही सांगत होतात." त्यांनी आठवून पाहिले, किंवा आठवत असल्यासारखे केले. म्हणाले, "काही विशेष नव्हतं. राहू द्या." मग शीरखुर्मा छान झाल्याचे सांगितले.

आता दर गुरुवारी आम्ही जातो. विचारत नाही. बसतो.